धुतलेले दगड

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आल्फ्रिक हेलिगरनं रुथिल्डाला कामावरून काढलं, तेही चार बायकांच्या देखत. लेट्यूस धुवायच्या शेडच्या दारात उभा राहून, बुटाच्या टाचेनं माती उकरत तो म्हणाला, "पाऊस नाही, टिल्डा. विहीर खाली गेलीय. उद्यापासून येऊ नकोस."

"आणि ह्या चौघी?"

"त्या येतील. तुझे हात जड आहेत. पानं फाटतात."

चौघींनी माना खाली घातल्या आणि टबातली पानं जास्तच मन लावून धुवायला लागल्या. रुथिल्डानं प्लास्टिकचा एप्रन सोडला, घडी घातली आणि खिळ्याला अडकवला. दोन वर्षं ह्या शेडमध्ये तिनं उभ्यानं पानं धुतली होती. हेलिगर एकेक पान उन्हाकडे धरून बघायचा आणि मातीचा कण दिसला की अख्खा क्रेट परत टबात उलटायचा. "धू. परत धू." तिला चोपन्नावं चालू होतं, आणि तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान.

हेही एक वेळ तिनं गिळलं असतं. पण ते दीड एकर तिच्या बापाचं होतं.

गावाचं नाव हार्ड लेबर, म्हणजे सक्तमजुरी. सेंट क्रॉय बेटावर उसाच्या काळात गोऱ्या मालकांनी मळ्यांना अशी नावं ठेवली आणि नावं ठेवून ते निघून गेले. आता जमीन सरकारची, खंडानं मिळते. नियम साधा आहे. दोन हंगाम पीक दिसलं नाही तर जमीन परत जाते आणि यादीतल्या पुढच्याला मिळते. रुथिल्डाच्या बापाला अर्धांगवायू झाला, दोन हंगाम शेतात टॅन-टॅनची झुडपं माजली, आणि मग बाप गेला. नऊ रात्री लोक अंगणात जमले, गाणी म्हणाली, खाल्लं-प्यायलं. पहिल्या रात्री सगळ्यांत मोठ्यानं हेलिगरच गात होता. बापाच्या नावानं त्यानं जमिनीवर रम ओतली आणि रुथिल्डाच्या खांद्यावर हात ठेवून रडलासुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यानं अर्ज भरला. दहाव्या दिवशी ती कोयता घेऊन झुडपं तोडायला गेली, तर तिथं नवी तार ठोकलेली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

त्याच शेतात ती मजुरीला गेली, कारण दुसरीकडे काम नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला तिथं असायचं होतं. ह्याचं शेत कधी बुडतं ते तिला जवळून बघायचं होतं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. ॲन्सेल मधुमेहाचा माणूस, डाव्या पायाची दोन बोटं गेलेली, दिवसभर आंब्याखाली टेबल टाकून डोमिनो खेळायचा. जोडीदार नसला तर दोन्ही बाजूंनी तोच.

"बरं झालं," तो म्हणाला. "दोन वर्षं तू रोज दात-ओठ खात घरी यायचीस. मला माझं फिश सूप शांतपणे खाता येत नव्हतं."

"ऑगस्टात तपासणी आहे. हा दुसरा हंगाम. मागच्या हंगामात त्याच्याकडे निम्मं शेत उघडं होतं. ह्या वेळी हिरवं दिसलं नाही तर जमीन जाते. यादीत पुढचं नाव माझं आहे."

"मग बस वाट बघत."

"नुसतं नाव असून भागत नाही. आपण स्वतः पिकवतो, विकतो, हे दाखवावं लागतं. पावत्या मागतात."

ॲन्सेलनं अंगणाकडे बघितलं. अंगणात होता खडक, एक आंबा आणि घराखालचा पावसाच्या पाण्याचा हौद, तोही अर्ध्यावर आलेला. "काय पिकवणार? मुंगूस?"

ती उठून थेट मिस्टर गिटन्सकडे गेली.

गिटन्स सत्तरीचा होता. कॉलेजच्या मत्स्य-टाक्यांवर तीस वर्षं काम केलेला. माशांच्या पाण्यावर त्यानं पोत्यांनी भाजी काढली होती. गेल्या वादळात त्या टाक्या फुटल्या, नंतर कुणी त्या उभ्या केल्या नाहीत, आणि म्हाताऱ्याला ऐकणारं कुणी उरलं नाही. रुथिल्डानं नीट गुड मॉर्निंग म्हणून विषय काढला, तेव्हा तो खुर्चीवरून उठला तो थेट तिच्या अंगणातच येऊन उभा राहिला.

"माती नको. शेतातल्यापेक्षा दहापट कमी पाणी," तो म्हणाला. "पण घाई चालणार नाही. घाईवाल्या माणसाला हे देव देत नाही."

"मला ऑगस्टपर्यंत हवंय."

"कशासाठी?"

"एका माणसाचं तोंड बघायचंय."

गिटन्सनं जरा विचार केला. "ते चालेल," तो म्हणाला.

बंदरावरच्या भंगारातून तिनं जाळीच्या चौकटीतली मोठी चौकोनी टाकी आणली आणि तीन निळी पिंपं आणली. पिंपं ॲन्सेलनं करवतीनं उभी कापली. करवत अडकली की तो पिंपाला आईवरून शिव्या द्यायचा आणि लगेच देवाची माफी मागायचा. कापलेली पिंपं विटांच्या कठड्यावर टाकीच्या वर ठेवली. पिंपांत भरायची खडी निवडायला तिचे चार दिवस गेले. बेटावरचा बराचसा दगड चुनखडीचा, तो पाण्यात विरघळून पाणी बिघडवतो. गिटन्सनं तिला व्हिनेगरची बाटली दिली होती. खाणीच्या ढिगाऱ्यावर उकिडवी बसून ती एकेका मुठीवर थेंब टाकायची. फेस आला की फेकायची, नाही आला की बादलीत. खाणवाले हसायचे, "मिस टिल्डा, सॅलड करताय का दगडाचं?" कंबर धरली, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, भेगांत व्हिनेगर झोंबलं. प्रत्येक मुठीला ती मनात हेलिगरचं नाव घ्यायची, त्यामुळे काम झपाट्यानं झालं.

खालच्या टाकीतून छोटा पंप पाणी वर चढवायचा. पिंप भरलं की सायफन एकदम घोट घ्यायचा आणि सगळं पाणी धडधडत खाली माशांत. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा ॲन्सेल खुर्चीवरून दचकला. "ह्याला ढेकर येतो," तो म्हणाला.

गिटन्सनं तिलापिया माशाची दहाच बोटुकली, बोटभर पिल्लं, आणून सोडली.

"दहा?" रुथिल्डा म्हणाली. "टाकीत शंभर मावतील."

"मावतील आणि मरतील. ऐक. मासा पाण्यात घाण करतो. ती घाण झाडाला थेट चालत नाही आणि माशाला तर विषच. मधे कुणीतरी लागतं, त्या घाणीचं खत करणारं. ते ह्या दगडांवर येऊन बसतं. डोळ्याला दिसत नाही. त्याला यायला सहा आठवडे लागतात."

"लवकर नाही का येत?"

"चालत्या टाकीतले जुने दगड आणून टाकले तर आठवड्यात येतं. पण तसे दगड आहेत कुणाकडे? आख्ख्या बेटावर नाहीत."

मग बसणं आलं. सकाळी ती चिमूटभर खाद्य टाकायची, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची आणि नळी उन्हाकडे धरायची. हिरवी झाली तर अमोनिया, म्हणजे माशांची ती विषारी घाण, आहे. रोज हिरवीच. खडीत लावलेली लेट्यूसची रोपं पिवळी पडून तशीच उभी. संध्याकाळी टेकडीवरून हेलिगरच्या शेतात पाण्याचा ट्रक शिरताना दिसायचा. "घाल पाणी, घाल," ती पुटपुटायची. दुष्काळ असा की गाई रस्त्यावर येऊन लोकांच्या कुंपणाची पानं खात होत्या, आणि रुथिल्डा बहुधा बेटावरची एकच बाई असेल जिला पाऊस नको होता. चर्चमध्ये पावसासाठी प्रार्थना झाली तेव्हा तिनं ओठ मिटून घेतले.

पाचव्या आठवड्यात नळीतलं हिरवं फिकट झालं. रोपांना मधोमध एक नवं हिरवं पान आलं. तिनं ॲन्सेलला हाताला धरून आणून ते दाखवलं.

आणि त्याच आठवड्यात, मेच्या अखेरीस, वादळाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, ॲन्सेलनं घराखालच्या हौदात ब्लीच ओतलं. त्याची आई ओतायची, आजी ओतायची, इथं प्रत्येक घरात ओततात. हौदात बेडूक पडतात, छपरावरनं पाखरांची घाण येते, आणि तेच पाणी प्यायचं असतं. त्यानं ते बायकोला सांगितलं नाही, कारण ह्यात सांगण्यासारखं काही आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. रुथिल्डानं दुपारी हौदाच्या पाण्यानं माशांची टाकी काठोकाठ भरली.

सकाळी दहाही मासे पोट वर करून तरंगत होते. गिटन्स आला, त्यानं खडीत हात घालून एक दगड हुंगला आणि परत ठेवला.

"मासे मी परत देईन," तो म्हणाला. "पण ह्या दगडांवरचं जे मेलं ते मला देता येत नाही. पहिल्यापासून चालू कर."

ॲन्सेलनं त्या दिवशी डोमिनो मांडला नाही. रुथिल्डा त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मासे तिनं आंब्याच्या बुडाशी पुरले. हार्ड लेबरात काही लपून राहत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात हेलिगर तिच्या मागं रांगेत उभा होता. "काय टिल्डा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलं की तू माशांना आंघोळ घातलीस." दुकान हसलं. तिनं मक्याचं पीठ आणि खारा मासा घेतला, पैसे दिले आणि घरी येईपर्यंत रडली नाही. घरी आल्यावर मात्र रडली. मग ब्लीच उडून जावं म्हणून वेगळ्या पिंपात पाणी भरून दोन दिवस उन्हात उघडं ठेवायला शिकली, आणि पुन्हा दहा बोटुकली सोडली.

जुलैच्या अखेरीस तिच्या तिन्ही पिंपांत लेट्यूस एवढी दाटली की दगड दिसेनात. खाली टाकीत आता साठ मासे, गिटन्सनं हळूहळू वाढवलेले. समुद्राकाठच्या एका खानावळीची बाई दर शुक्रवारी येऊन क्रेट घेऊन जायची. रुथिल्डा तिच्याकडून पावती मागायची, तिच्यावर तारीख घालून घ्यायची आणि ती बायबलमध्ये ठेवायची.

एका शनिवारी हेलिगर आला. फाटकाशी उभा राहून त्यानं गुड आफ्टरनून म्हटलं. उन्हानं काळवंडला होता, शर्टाची कॉलर ढिली झाली होती. रुथिल्डानं त्याला बसायला सांगितलं नाही, पण ॲन्सेलनं सवयीनं खुर्ची सरकवली.

"मीही टाक्या घेतल्यात," हेलिगर म्हणाला. "चार. शेतातच मांडल्यात. जमिनीच्या ऑफिसात विचारलं, हेही पीकच धरतात. चारशे मासे उद्या येतायत."

"चारशे," रुथिल्डा म्हणाली.

"मला तपासणीच्या आत हिरवं दाखवायचंय. गिटन्सकडे गेलो होतो. म्हातारा तासभर बोलत बसला, कोण ऐकणार? एवढं कळलं की तुझ्याकडचे जुने दगड टाकले की लगेच चालू होतं." तो थांबला. पुढचं बोलणं त्याला अवघड जात होतं आणि ते बघणं तिला आवडत होतं. "थोडे दे. एका पिंपातले."

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते नाही म्हणायचं. तो शब्द पाच महिने तयार होता. पण तिनं विचारलं, "बदल्यात काय?"

"काय पाहिजे?"

"शेडमधले दोन टब."

त्यानं हसून मान डोलावली. फुकट दिले असते तर त्याला संशय आला असता. मग तो उठून पिंपाशी गेला, पानं बाजूला सारून त्यानं मूठभर खडी बाहेर काढली. दगडांवर तपकिरी चिकट साय होती, बोटांना लागली. त्यानं नाक मुरडलं.

"शी. हे काय? माल घेणारा हॉटेलचा माणूस बघायला यायचाय. माझ्या नव्या टाक्यांत ही घाण?"

रुथिल्डानं त्यानं सारलेली पानं परत नीट केली.

"धुऊन दे," हेलिगर म्हणाला. "स्वच्छ. तेवढं तुला येतं."

आंब्याखाली ॲन्सेलच्या हातातली सोंगटी अधांतरी राहिली. त्यानं तोंड उघडलं. रुथिल्डानं त्याच्याकडे बघितलं, आणि तीस वर्षांच्या संसारात जे बघणं त्यानं दोनदाच पाहिलं होतं ते बघून त्यानं तोंड मिटलं.

"धुऊन देते, मिस्टर हेलिगर," ती म्हणाली. "सोमवारी न्या."

रविवारी चर्चहून आल्यावर तिनं एका पिंपातली लेट्यूस उपटली, विकायजोगी होती तरी उपटली. फावड्यानं खडी काढली. हेलिगरनं पाठवलेल्या एका टबात पाणी घेतलं, त्यात ब्लीचची अख्खी बाटली ओतली आणि कोपरापर्यंत हात घालून ती दगड चोळायला बसली. साय सुटत गेली, पाणी गढूळ झालं, तिनं ते ओतून दुसरं घेतलं. हाताच्या भेगा पेटल्यासारख्या झाल्या. ती आनंदात होती. उगाच लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षांत एवढी आनंदात ती कधी नव्हती.

"त्याला सांगायला पाहिजे होतं," ॲन्सेल म्हणाला.

"त्यानं विचारलं?"

"चारशे जीव आहेत, टिल्डा."

"माझेही दहा होते. अख्खं दुकान हसलं."

"आणि त्या चौघींचं काम जाईल."

तिचे हात क्षणभर थांबले. "माझं गेलं तेव्हा चौघीही टबात बघत होत्या," ती म्हणाली, आणि परत धू, परत धू करत संध्याकाळपर्यंत दगड असे केले की चर्चच्या वेदीवर मांडावेत. वास जायला तीन वेळा साध्या पाण्यातून काढले.

सोमवारी हेलिगरनं एक दगड उन्हाकडे धरून बघितला. "हे झालं काम," तो म्हणाला.

नवव्या दिवशी वारा खालून आला आणि वास टेकडीवर चढला. बाराव्या दिवशी हेलिगरच्या चौघी पोती भरून मासे ओढत होत्या. नाकाला फडकी बांधलेली, गुडघ्यापर्यंत चिकट. रुथिल्डा फाटकाशी उभी राहून बघत होती. त्यांतली इयान्थी, जिच्या पोरीच्या बारशाला रुथिल्डानं केक केला होता, एकदा वर बघून थांबली आणि परत पोतं ओढायला लागली. रुथिल्डानं फाटक लावलं आणि आत जाऊन माशांना खाद्य टाकलं.

ऑगस्टच्या अखेरीस ऑफिसची बाई वही घेऊन आली. हेलिगरच्या चार टाक्या पांढऱ्या, कोरड्या, आणि मधोमध पिंपांत पिवळे खुंट. मग ती टेकडीवर आली. रुथिल्डानं बायबल उघडून पावत्या काढल्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कागद आला. दीड एकर, रुथिल्डा थॉमस.

ती एकटीच गेली. नवा फ्रॉक घालून, बापाचा कोयता घेऊन. तारेचं दार उघडं होतं. हेलिगर शेवटचे पाइप सोडवून गाडीत टाकत होता. तिला वाटलं होतं हा शिव्या देईल. तिनं उत्तरंही जुळवून आणली होती.

"गुड मॉर्निंग, टिल्डा," तो म्हणाला. "त्या दगडांना तू काय लावलंस?"

"ब्लीच."

"तुला माहीत होतं."

"तुम्ही म्हणालात, धुऊन दे. माझ्या बापाला पुरून चार दिवस झाले नव्हते तेव्हा तुम्ही अर्ज भरलात. तुम्हाला माहीत होतं ना की मी शोकात घरात बसलेय?"

"होतं." तो गाडीच्या कडेला टेकला. थोड्या वेळानं त्याचे खांदे हलायला लागले. ती चमकली. तो हसत होता, आणि हसणं खोटं नव्हतं.

"विहीर बघितलीस का?"

"खाली गेलीय म्हणालात."

"खाली नाही गेली. खारट झालीय. डिसेंबरपासून. समुद्र आत शिरलाय. पालासुद्धा जळतो त्यानं. शेडच्या टबात ट्रकचं पाणी भरत होतो, पण किती दिवस लपणार? म्हणून तर तुला काढलं. तुझी जीभ तुझ्या बापाची, एका घोटात ओळखलं असतंस." त्यानं डोळे पुसले. "जानेवारीत ही जमीन परत द्यायला ऑफिसात गेलो होतो मी. कागद सही करून खिशात होता. सहज यादी बघितली. पुढचं नाव तुझं. कागद तसाच खिशात घालून परत आलो. आठ महिने ट्रकनं पाणी विकत घेतलं, टाक्या घेतल्या, मासे घेतले. फक्त तुला मिळू नये म्हणून."

बांधावर टॅन-टॅनची कोवळी झुडपं वाऱ्यानं हलत होती. चार टाक्यांच्या जागी चार पांढरे चौकोन उमटले होते.

"आता घे," हेलिगर म्हणाला. "सगळी तुझी."

ती विहिरीकडे चालत गेली. कठड्यावर दोरी बांधलेला पत्र्याचा डबा होता. तिनं तो खाली सोडला, पाण्याला लागल्याचा आवाज ऐकला, भरलेला वर ओढला. हेलिगर गाडीपासून दोन पावलं पुढं आला, तिचं तोंड बघायला.

तिनं डबा दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला सुरुवात केली. मिठानं जीभ आखडली. तिनं डोळे त्याच्यावरून काढले नाहीत. एक, दोन, तीन, चार घोट, तळाचं पाणी दिसेपर्यंत. मग मनगटानं ओठ पुसले.

"गोड आहे," ती म्हणाली, आणि डबा पुन्हा विहिरीत सोडला.